समुद्री जिवाणूंच्या प्रोटिएजवर काम सुरू करताना

मायक्रोबायोलॉजीच्या एमएस्सी प्रकल्पासाठी प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं फोडणारं एन्झाइम, हा विषय घेणार असाल तर नमुना आणायच्या आधी त्या एन्झाइमकडून कोणतं काम करून घ्यायचं ते ठरवा. डिटर्जंटसाठी हवं असेल तर ते पीएच 9 ते 11 ला टिकायला हवं. कातड्यावरचे केस काढायला, जुन्या एक्स-रे फिल्मवरचं जिलेटिन विरघळवून चांदी मिळवायलाही प्रोटिएज चालतं. मला मात्र कोळंबीच्या सालांचा प्रश्न जवळचा वाटला. रत्नागिरीत मिरकरवाडा या मासेमारी बंदराच्या आसपास राहिलेल्यांना त्याचं कारण सांगायला नको. या सालांत कायटिन हा उपयोगी, टणक पदार्थ असतो, पण त्याला प्रथिनं आणि चुना घट्ट चिकटलेले असतात. कारखान्यात चुना आम्लाने आणि प्रथिनं कॉस्टिक सोड्याने काढतात. प्रोटिएज त्यातलं सोड्याचं काम करू शकतं. आम्लाचं नाही, हे प्रकल्पात स्पष्ट लिहा.

नमुना मासळी कुजते तिथल्या गाळाचा घ्या. प्रथिनाचा अख्खा रेणू जिवाणूच्या पेशीत शिरत नाही, म्हणून जिवाणू एन्झाइम बाहेर सोडतो. आपली त्यात सोय होते: कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवलेलं द्रव माध्यम, सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून पेशी तळाला बसवायच्या आणि वरचं पाणी वापरायचं. हातमोजे विसरू नका, हातावर जखम असेल तर गाळात हात घालूच नका. व्हिब्रिओ या समुद्री जिवाणूंच्या काही जाती खरंच धोकादायक असतात.

झोबेल मरीन अगर (समुद्री जिवाणू वाढवायचं माध्यम) आणि स्किम मिल्क वेगवेगळं ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून, अगर हाताला सोसवेल इतपत निवल्यावर मिसळा. एकत्र ऑटोक्लेव्ह केलं तर दूध फाटतं, करपतं. 28 ते 30 अंशांवर एकदोन दिवसांत दुधट प्लेटवर प्रोटिएज सोडणाऱ्या वसाहतींभोवती काचेसारखं स्वच्छ वलय उमटतं. ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा फार आनंद होतो, पण सर्वांत मोठ्या वलयाचा जिवाणूच सर्वांत चांगला असं समजू नका. पसरट वाढणाऱ्या वसाहतीचं वलयही पसरतं, शिवाय अगरमधून एन्झाइम किती सरकतं यावरही ते अवलंबून असतं.

खरी परीक्षा केसीनच्या, म्हणजे दुधातल्या प्रथिनाच्या, चाचणीत होते: एन्झाइम केसीन किती फोडतं ते त्यात बघतात. ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने क्रिया थांबवून, सुटलेलं टायरोसिन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) फोलिन अभिकर्मकाने येणाऱ्या रंगावरून 660 नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतात. माध्यमातल्या पेप्टोनमुळेही (अर्धवट फोडलेल्या प्रथिनांमुळेही) रंग येतो. त्यामुळे प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र ब्लँक, म्हणजे क्रिया न होऊ दिलेली तुलनेची नळी, हवाच, त्यात आम्ल आधी आणि एन्झाइम नंतर घालायचं.

मेटॅलोप्रोटिएज, म्हणजे धातूच्या आयनावर चालणारं प्रोटिएज, ओळखायला धातू पकडून ठेवणारं ईडीटीए वापराल तेव्हा डायलिसिस (पातळ पडद्यातून क्षार काढून टाकणं) आधी करा. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमच ईडीटीए अडवून ठेवतं, आणि एन्झाइमवर परिणाम नाही असा भलताच निष्कर्ष निघतो. सेरीन प्रोटिएज (सेरीन या अमिनो आम्लाच्या मदतीने काम करणारं) ओळखायला त्याला बंद पाडणारं पीएमएसएफ हे रसायन वापरा. ते पाण्यात लवकर निकामी होतं, तेव्हा ऐनवेळी ताजं करा.

चांगला स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा वाण, हाती आला की त्याच आठवड्यात ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये मिसळलेल्या पेशींचा साठा) करून उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. वारंवार सबकल्चर करत, म्हणजे नव्या माध्यमावर पुन्हा पुन्हा वाढवत, राहिलात तर त्याची एन्झाइम सोडण्याची ताकद कमी होऊ शकते.