वाढवताना थ्रॉटल शेवटी, कमी करताना आधी

कॉन्स्टंट स्पीड प्रॉपेलरच्या (पात्यांचा कोन आपोआप बदलून फेऱ्यांचा वेग कायम ठेवणाऱ्या) विमानात पॉवर वाढवायची असेल तर आधी मिक्श्चर रिच करा (हवा-इंधन मिश्रणात इंधन वाढवा), मग प्रॉपेलरचा लिव्हर पुढे सरकवून आरपीएम वाढवा आणि शेवटी थ्रॉटल उघडा. कमी करताना नेमके उलट. आरपीएम कमी असताना थ्रॉटल उघडून मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब) एकदम चढवले, तर सिलिंडरमधला दाब आणि तापमान वाढून डिटोनेशनचा (मिश्रण स्फोटासारखे अनियंत्रित जळण्याचा) धोका असतो. गो-अराउंडच्या (उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याच्या) घाईत हा क्रम आठवत बसायला वेळ नसतो, तो हातात बसलेला हवा. म्हणूनच फायनलवर (उतरण्याआधीच्या धावपट्टीच्या दिशेच्या शेवटच्या टप्प्यात), थ्रॉटल मागे असतानाच, प्रॉपेलर पूर्ण पुढे करून ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते.

क्रूझमध्ये (ठरलेल्या उंचीवरच्या सरळ उड्डाणात) मिक्श्चर लीन करताना, म्हणजे इंधन कमी करताना, ईजीटीचा (एक्झॉस्ट वायूच्या तापमानाचा) काटा सावकाश शिखरापर्यंत जाऊ द्या, मग मॅन्युअलमध्ये दिले असेल तितके रिच बाजूला या. ईजीटी मीटर नसेल तर इंजिन खडबडीत चालू लागेपर्यंत लीन करा आणि पुन्हा सुरळीत होईपर्यंत थोडे रिच करा. उंची बदलली की हे सगळे नव्याने करायचे. खाली येताना हवा दाट होत जाते, त्यामुळे क्रूझचेच सेटिंग राहिले तर मिश्रण जास्त लीन होते. उतरता उतरता थोडे थोडे रिच करत या.

उंचावरच्या धावपट्टीवर मात्र टर्बो (हवा दाबून पुरवणारी यंत्रणा) नसलेल्या इंजिनाला टेकऑफलाही फुल रिच बहुधा नको असते, त्याने पॉवर घटते. किती लीन करायचे हे त्या विमानाच्या मॅन्युअलमध्येच पाहा.