शेणखत काळं दिसलं म्हणजे कुजलं असं नाही : या चुका टाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मे महिन्यात ट्रॉलीभर कच्चं शेणखत आणून थेट उसाच्या सरीत ओतणं. वरून काळं, आत ओलं शेण आणि न कुजलेला कडबा. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, बाभळी-कडुनिंबाचा पाला खातात आणि जमिनीत अंडी घालतात. लहान अळी आधी कुजणाऱ्या पदार्थांवर जगते, मग मुळांकडे वळते. कच्च्या खताने तिच्या जेवणाची सोय तुम्हीच करून ठेवलेली असते. ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडतो. मालक म्हणतो, नत्र कमी पडलं, युरिया टाकतो. पंधरा दिवसांनी पुन्हा टाकतो. शेवटी उसाचं बेट (एका जागचा फुटव्यांचा झुबका) ओढून पाहतो, तर ते हातात येतं. खाली मुळंच नाहीत. तोवर अळी बोटाएवढी जाड झालेली असते आणि औषधाला फारशी दाद देत नाही. पहिला युरिया टाकण्याआधी एक बेट उपटून पाहिलं असतं, तर दोन्ही वेळचा युरिया वाचला असता.

खत कुजलंय का, हे रंगावरून ठरवू नका. मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर ढीग परत रचा. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर वापरा. अजून शंका असेल तर त्यात मेथी पेरा. कच्च्या खतात ती नीट उगवत नाही.

ढिगात ओल किती हवी? मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. पाणी साचलं की हवा संपते, ढीग सडतो. कोरडा राहिला तर वर्षभर तसाच पडून राहतो. महिन्यातून एकदा खालीवर करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

शेतात छोटे ढीग घालून ते उन्हात आठवडाभर ठेवू नका, नत्र उडून जातं. ज्या दिवशी पसराल त्याच दिवशी कुळवाची पाळी देऊन ते मातीत मिसळा.

पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवू नका. कुट्टी करून सरीत दाबा आणि टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, 1 किलो कुजवणारे जिवाणू द्या. युरिया वाचवायला गेलात तर जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा (तोडणीनंतर त्याच खोडांतून फुटलेला ऊस) पिवळा पडतो.

आणि ह्युमिक ॲसिडच्या बाटलीने जमिनीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थांतला कार्बन) वाढत नाही. एकराचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर साधारण 9 लाख किलोचा असतो. त्यात कर्ब 0.1 टक्क्याने वाढवायचा तर 900 किलो कर्ब जमिनीत टिकला पाहिजे. बाटलीत आहे किती, ते लेबलवर वाचा.