बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याने नगरपालिकेला उभे राहायचे तर

राजस्थान, गुजरात किंवा तेलंगणातून येऊन बार्शी, दुधनी, अक्कलकोटला दुकान थाटलेल्यांनी निवडणुकीच्या वर्षभर आधी कागद हाती घ्यावेत. गावाने आपले मानले तरी छाननीत कागदच बोलतो.

वय 21 पूर्ण हवे आणि नाव त्याच शहराच्या मतदारयादीत हवे. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. ठरलेल्या तारखेनंतरचे नाव धरत नाहीत. मूळ गावी नाव असेल तर नमुना 8 भरून पत्ता बदला. इथे नव्या नोंदणीचा नमुना 6 भरला तर नाव दोन्हीकडे राहते आणि विरोधक नेमके तेच शोधतात. तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी लिहितात, आपल्याकडे शेवटी. आधार, मतदार ओळखपत्र, घरपट्टी या तिन्हींवर एकच क्रम करून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ राखीव जागेला लागतो. परराज्यातला जातीचा दाखला इथे उपयोगाचा नाही. कुटुंब महाराष्ट्रात कधीपासून राहते ते सिद्ध करावे लागते: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीपासून. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना सिटी सर्व्हे उतारा शोधा. सोलापुरात गिरणीत लागलेल्या पद्मशाली कुटुंबांकडे असे कागद बऱ्याचदा ट्रंकेत निघतात. काहीच मिळाले नाही तर खुल्या जागेवरूनच लढा. जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र मुदतीत आले नाही तर निवडून येऊनही पद जाते.

पालिकेला पाइप, सिमेंट, दिवे पुरवत असाल तर तो धंदा अर्जाआधी सोडा. ठेक्यात भागीदारामार्फत हितसंबंध असला तरी अपात्रता येते. भागीदारीतून निवृत्तीचा लेख करून निबंधकांकडे आणि जीएसटीत नोंद बदला. नुसते भावाच्या नावावर केल्याने सुटका होईलच असे नाही. घर, गोदाम, गाळा यांची घरपट्टी-पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. दोनपेक्षा जास्त अपत्ये नसण्याची अट आणि घरातल्या शौचालयाचा पुरावा वकिलाकडून तपासून घ्या.

शपथपत्रात कर्ज, मालमत्ता, खटले काहीही लपवू नका, रकाना कोरा ठेवू नका. उमेदवारी अर्जावर सही करणारा सूचक त्याच प्रभागातला मतदार हवा.

व्यापारी हमखास अडकतो तो खर्चात, कारण गल्ल्यातून पैसे काढायची सवय असते. निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडा, मंडप-रिक्षा-चहाची पावती रोजच्या रोज लावा आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब देऊन पोच घ्या.