नव्या कल्पनांच्या गर्दीत आपला मूळ धंदा कसा सांभाळावा

सोलापुरात टॉवेल, चादर किंवा शालेय गणवेश तयार करणाऱ्या लघुउद्योजकाकडे सध्या कल्पनांची वाण नाही. पुण्याला स्थायिक झालेला भाचा बांबूच्या धाग्याच्या टॉवेलाविषयी सांगतो, व्यापारी मित्र ऑनलाइन विक्रीचा आग्रह धरतो, प्रदर्शनाहून परतताना पिशवीत वीस-पंचवीस व्हिजिटिंग कार्डे असतात आणि रात्री मोबाइलवर कोणीतरी घरबसल्या शेंगा चटणीची निर्यात कशी करावी हे समजावून देत असतो. यांतील एखादी कल्पना खरोखर चांगली असू शकते, त्यामुळे सरसकट कान बंद करणे हा उपाय नव्हे. मात्र कोणतीही नवी कल्पना स्वतःची किंमत सांगत येत नाही. ती किंमत आपणच काढायची असते, आणि ती काढल्याशिवाय होकार द्यायचा नाही, एवढी शिस्त लावून घेतली तर चित्त थाऱ्यावर ठेवण्याचे निम्मे काम होते.

किंमत काढायची म्हणजे काय, हे यंत्रमागावर उभे राहून पाहिले की स्पष्ट होते. टेरी टॉवेलाच्या, म्हणजे अंगावर लूप असलेल्या टॉवेलाच्या मागावर दोन बीम (उभे धागे गुंडाळलेले रूळ) असतात, एक कापडाच्या पायाच्या धाग्याचे आणि दुसरे टॉवेलावर लूप उठवणाऱ्या धाग्याचे. तोच माल पुढे चालू ठेवायचा असेल, तर संपत आलेल्या बीमच्या धाग्यांना नव्या बीमचे धागे गाठी मारून जोडले जातात आणि माग लवकर चालू होतो. माल बदलायचा ठरवले आणि त्यासाठी धाग्यांची संख्या किंवा मांडणी बदलावी लागली, तर मात्र एकेक धागा नव्याने ओवून फणीतून काढावा लागतो. तेवढा वेळ माग बंद राहतो, कामगाराच्या मजुरीचा प्रश्न उभा राहतो आणि आधीच्या ग्राहकाला दिलेली तारीख पुढे सरकते. शिवाय नव्या मालाचे वजन, रंगाची एकसारखी छटा आणि धुलाईनंतरचे आकसणे हे सगळे जमेपर्यंत पहिले काही ताके कमी भावातच विकावे लागतात. हा सारा खर्च नव्या कल्पनेच्या खात्यावर पडायला हवा. प्रत्यक्षात तो जुन्या धंद्याच्या खात्यात मुरतो, आणि म्हणूनच नवी कल्पना कागदावर नेहमी फायद्याची दिसते.

म्हणून पहिले काम असे करावे. एका कागदावर आपला धंदा आज कशावर उभा आहे ते लिहून काढावे: माग किंवा शिलाई यंत्रे आठवड्यात प्रत्यक्ष किती तास चालतात, सूत आणि तयार माल मिळून किती रक्कम अडकलेली आहे, पुन्हा पुन्हा माल मागणारे ग्राहक कोण आहेत, आणि मालक म्हणून आपला दिवस कोणत्या कामांत जातो. शेवटचा मुद्दा बहुतेक जण वगळतात. माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे, कारण यंत्र भाड्याने मिळते, कर्जही मिळते, परंतु मालकाचे लक्ष दुसरीकडून आणता येत नाही.

दुसरे काम म्हणजे कल्पनांची एक वही ठेवणे. सुचलेले किंवा कोणी सुचवलेले त्याच दिवशी तारखेसह लिहावे, त्यासाठी काय काय लागेल ते दोन ओळींत नोंदवावे आणि वही मिटून कामाला लागावे. लिहून ठेवल्याने संधी हातची जाईल ही हुरहुर कमी होते, आणि काही आठवड्यांनी पुन्हा वाचल्यावर यांतील बहुतेक नोंदींचा रंग आपोआप उतरलेला असतो. वही उघडण्याचा काळ धंद्याच्या हंगामावरून ठरवावा. गणवेशाच्या धंद्यात जूनच्या मध्याला शाळा उघडेपर्यंत श्वास घ्यायला उसंत नसते, म्हणून त्या उद्योजकाने नव्या गोष्टींचा विचार पावसाळ्यातच करावा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरलेला असताना किरकोळ विक्रेत्याने नवा धंदा मांडायला घेणे तितकेच चुकीचे ठरेल.

वही उघडल्यावर प्रत्येक कल्पनेला तीनच प्रश्न विचारावेत. यासाठी लागणारे कौशल्य आपल्याकडे आहे का? आहे त्याच यंत्रांवर हे होईल का? आहे तोच ग्राहक हे घेईल का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर तो आपल्याच धंद्याचा विस्तार आहे. दोन उत्तरे नकारार्थी आली, तर तो सर्वस्वी वेगळा धंदा आहे आणि वेगळा धंदा म्हणूनच त्याचा विचार व्हावा, म्हणजे त्याला वेगळे भांडवल, वेगळा माणूस आणि निदान दोन वर्षांचा धीर लागेल. या शहराचा इतिहासही असाच आहे. 1877 साली येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, पुढे मोठ्या गिरण्या बंद पडल्या, हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, चादरीच्या जोडीला टेरी टॉवेल आला. एवढी स्थित्यंतरे होऊनही सुताची आणि विणकामाची जाण कामाला येत राहिली, कारण प्रत्येक वेळी बदल हा हाताशी असलेल्या कसबाला धरून झाला.

पैशाच्या बाबतीत मात्र अधिक कठोर व्हावे लागते. समजा, 3 लाख रुपये नव्या मालात गुंतवले आणि त्यामुळे दरमहा तेवढ्याच रकमेचे सूत रोखीऐवजी उधारीवर घ्यावे लागले. सुताचा भाव किलोला 200 रुपये धरला, तर हे 1500 किलो सूत झाले. उधारीमुळे किलोमागे 5 रुपये जास्त द्यावे लागले, तरी महिन्याला 7500 आणि वर्षाला 90,000 रुपये जुन्या धंद्यातून निघून जातात. नव्या मालाने आधी हे 90,000 भरून काढावेत, नफ्याची भाषा त्यानंतर.

कायद्याची एक बाजूही ध्यानात ठेवावी. आपला माल स्वतः तयार करणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार थकलेल्या पैशांबाबत संरक्षण आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराने 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेत, असे तो कायदा सांगतो. बाहेरचा तयार माल आणून विकणाऱ्याला 2021 पासून उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) करता येते, परंतु तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच, म्हणजे बँकांनी ठरावीक क्षेत्रांना प्राधान्याने द्यायच्या कर्जापुरताच आहे. उत्पादनासोबत नुसता व्यापारही करून पाहू, असे म्हणणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा.

या कसोट्यांतून उतरलेल्या कल्पनेची चाचणी करावी, आणि ती करताना थांबण्याची अट आधी लिहावी: किती रक्कम, किती महिने आणि किती मागणी न आल्यास काम बंद करायचे. ओळखीच्या लोकांनी नमुन्याचे कौतुक केले, याला चाचणी म्हणता येत नाही. अनोळखी ग्राहकाने पूर्ण भावाने पैसे मोजले आणि तोच पुन्हा मागायला आला, तरच काही सिद्ध झाले असे मानावे. ऑनलाइन विक्रीत परत येणारा माल वेगळा मोजावा, कारण एकदा उघडलेला टॉवेल नवा म्हणून पुन्हा विकता येत नाही. 2020 मध्ये मास्क आणि पीपीई किटची मागणी अचानक वाढली, तेव्हा शिलाईचे काम करणाऱ्यांना कौशल्य आणि यंत्रे या दोन्ही गोष्टी हाताशी होत्या, म्हणून तिकडे वळणे योग्यच होते. पुढे उत्पादक वाढले आणि भाव कोसळले, तेव्हा थांबण्याची अट ठरवलेली नसलेल्यांकडे कापड पडून राहिले.

घरच्या धंद्यात लक्ष विचलित होण्याचे आणखी एक कारण म्हणजे वडील आणि मुलगा यांची ओढ वेगवेगळ्या दिशांना असणे. मुलाला रीलवरून विक्री करायची असेल, तर त्याला अडवू नये. ठरावीक रक्कम आणि तयार मालातील एकच प्रकार त्याच्या हवाली करावा, हिशेब त्यानेच ठेवावा, मात्र मागावरील माल बदलण्याचा अधिकार चाचणी संपेपर्यंत त्याला देऊ नये.

मूळ धंदा धरून ठेवणे म्हणजे हट्ट नव्हे, हेही तितकेच खरे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन असतानाही पानिपतकडची स्वस्त चादर सोलापुरी म्हणून बाजारात विकली जाते. तीच आणून आपल्या दुकानातून विकण्याचा मोह कोणालाही होईल. तो टाळावा, कारण त्यातून आपल्याच नावाची किंमत उतरते. पण जुन्या ग्राहकांची फेरमागणी सलग दोन हंगाम घटत असेल, तर वहीतील विस्ताराच्या नोंदी पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता लगेच काढाव्यात आणि ज्यांची मागणी घटली त्यांपैकी दोघा-तिघांना प्रत्यक्ष भेटून ते आता कोणाकडून, कोणता माल आणि काय भावाने घेतात हे विचारून यावे.