काळ्या मातीवर रस्ता: आधी कापड, मग खडी

पुण्याजवळच्या मांजरीतल्या एका गोदामासमोरचा रस्ता दोन पावसाळ्यांत खचला, म्हणून मी तो उकरायला लावला. ९ इंच सोलिंग, म्हणजे रस्त्याखालचा दगडांचा थर, मी स्वतः उभी राहून घालून घेतलं होतं. खड्ड्यात उतरले तर वरचे ४ इंच दगड जरा बरे, खालचे सगळे चिखलात बुडालेले. एक मूठ उचलून दाबली. बोटांच्या फटींतून काळी माती बाहेर आली आणि हातात दगड उरले. डंपरच्या वजनाने दगड खाली रुतत गेले आणि माती वर चढत गेली. तेव्हापासून काळ्या मातीवर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरल्याशिवाय मी खडीची एक गाडीसुद्धा रिकामी करू देत नाही.

हडपसरच्या पुढे लोणी काळभोर, उरुळी कांचनपर्यंत खूप ठिकाणी हीच माती आहे. मे महिन्यात भेगांमध्ये टेप सहज आत जाते, जुलैत त्याच जागी गमबूट निघत नाही.

आधी जेसीबीने दोन-तीन खड्डे घ्या. ३-४ फुटांवर मुरूम लागला आणि जागा लहान असेल, तर कापडाच्या खर्चात पडू नका. माती काढा, मुरूम भरा, थराथराने दबाई करा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: इमारतीचा पाया मातीवर अंथरायच्या जाळीच्या (जिओग्रिडच्या) भरवशावर टाकू नका. तो मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्या, नाहीतर डिझायनरला अंडर-रीम्ड पाइलचं, म्हणजे जमिनीत खोल घातलेल्या, खाली रुंद केलेल्या काँक्रीटच्या खांबाचं विचारा. पुढचं सगळं रस्ते, यार्ड आणि पार्किंगसाठी आहे.

लॅबमधून दोन आकडे हवेत. पहिला फुगण्याचा. चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घेऊन एका नळीत रॉकेलमध्ये, दुसऱ्या नळीत पाण्यात २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १० मिली आणि पाण्यात १७ मिली भरली, तर फुगवटा ७० टक्के. ५० च्या वर गेला की मी सावध होते. दुसरा आकडा सीबीआरचा, म्हणजे माती किती भार पेलते त्याचा, आणि तो नमुना ४ दिवस पाण्यात ठेवूनच काढलेला हवा. आपल्याकडे तो २-३ टक्के येणं नेहमीचंच. कोरड्या मातीचा आकडा दाखवला तर घेऊ नका, रस्ता पावसातही वापरायचा आहे.

आता सामान. कापड म्हणजे जिओटेक्स्टाइल. ते माती आणि खडी वेगळी ठेवतं, पाणी मात्र जाऊ देतं. जाळी म्हणजे जिओग्रिड. खडी तिच्या खिडक्यांत अडकते आणि बाजूला सरकत नाही. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. मऊ जमिनीवर खाली कापड, त्यावर जाळी, त्यावर खडी. जाळीवर बारीक मुरूम टाकला तर अडकायला काही राहत नाही, पैसे वाया जातात.

अंथरताना घाई नको. मुळं, टोकदार दगड काढा, मधून दोन्ही बाजूंना उतार द्या. कापडाला सुरकुती नको. सीबीआर ३ च्या आत असेल तर जोडावर २ ते ३ फूट ओव्हरलॅप घ्या, आणि खडी ज्या बाजूकडून येणार त्या बाजूचं कापड वर ठेवा, म्हणजे जोड उचकटत नाही. डंपर कापडावर चढवायचा नाही. खडी आधीच्या थरावर ओतायची आणि जेसीबीने पुढे ढकलायची. खाली निदान ६ इंच थर झाल्याशिवाय कुठलंच चाक नको, आणि पहिला रोलर व्हायब्रेशन बंद ठेवून. रोल उन्हात उघडे टाकू नका, अंथरल्यावर दोन आठवड्यांच्या आत झाका.

हे सगळं करूनही माती फुगायची थांबत नाही. तिला पाणीच कमी मिळालं पाहिजे. म्हणून दोन्ही कडांना चर खणा, त्यात कापड अंथरून खडी भरा, वरून कापड दुमडा आणि पाण्याला नाल्यापर्यंत वाट द्या. बजेट कापताना मालक सगळ्यात आधी हाच चर कापतात. तिथे अडून बसा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर चराच्या तोंडाशी जा. सुरुवातीचा गाळ वाहून गेल्यावर पाणी नितळ हवं. काळं येतच राहिलं, तर कापड कुठेतरी फाटलंय. डांबर पडायच्या आत ती जागा शोधून उकरा.