स्कॉटलंडच्या संसदेत सरकारला अडचणीचा प्रश्न कसा विचारावा

आधी विषय कोणाच्या अखत्यारीत आहे ते बघा. आरोग्य, शिक्षण, पोलीस हे एडिंबराच्या सरकारकडे. संरक्षण आणि स्थलांतर लंडनकडे. ही विभागणी चुकली तर प्रश्न दाखलच होत नाही.

गुरुवारी दुपारी बाराचा फर्स्ट मिनिस्टरांचा (स्कॉटलंडच्या सरकारप्रमुखांचा) प्रश्नतास टीव्हीवर गाजतो, पण आकडे हाती लागतात ते लेखी प्रश्नातून. अधिवेशन चालू असताना लेखी उत्तर साधारण 10 कामकाजी दिवसांत येतं, मोठ्या सुट्टीत 20. म्हणून गुरुवारसाठी दारूगोळा हवा असेल तर तीनेक आठवडे आधी सुरुवात करा.

‘प्रतीक्षायादी कमी करण्यासाठी सरकार काय करत आहे?’ असं विचारलंत की योजनांची जंत्री मिळते. त्याऐवजी कायद्याला धरा: 2011 च्या रुग्णहक्क कायद्यात पात्र नियोजित उपचारांसाठी 12 आठवड्यांची हमी आहे. ‘अमुक तारखेला, प्रत्येक आरोग्य मंडळात, या मुदतीपलीकडे किती रुग्ण थांबले होते?’ तारीख, एकक, मोजमाप; मतप्रदर्शन नको, ते नियमात बसत नाही.

‘ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ हे ठरलेलं उत्तर. मग 14 प्रादेशिक मंडळांकडे स्वतंत्र माहिती अधिकार अर्ज करा (मुदत 20 कामकाजी दिवस). प्रत्येक मंडळाला शब्दशः तोच मजकूर पाठवा, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

सभागृहात पुरवणी प्रश्न एकच मुद्द्याचा ठेवा. दोन विचारले की मंत्री सोप्या प्रश्नाचं उत्तर देऊन खाली बसतात.