पुढच्या दोन टायरांवर किती लादायचं? दमदार एफडब्ल्यूडी (पुढची चाकं ओढणाऱ्या) गाडीचं सेटिंग

ऑक्टाव्हिया आरएस असो, स्लाव्हिया-व्हर्टसचं १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) असो की रिमॅप मारलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) जुनी पोलो जीटी, दुखणं एकच. गाडी ओढायची, वळवायची आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलायचा, सगळं पुढच्याच दोन टायरांनी. एकाच बैलजोडीला औतालाही जुंपलं आणि मोटेलाही. तरी बहुतेकांचा पहिला खर्च होतो तो रिमॅपवरच.

आधी हिशेब बघा. समजा गाडी १,४५० किलोची, त्यातले ९०० किलो पुढच्या चाकांवर. सेकंदाला साधारण १८ किमी/तास या दराने वेग वाढवला की जवळपास १५० किलो भार मागे सरकतो आणि पुढे ७५० उरतात. एवढ्या जोरासाठी ७२५ किलोंची पकड लागते. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायर जेमतेम आपल्यावरच्या भाराइतकी पकड देतो. म्हणजे वळायला फारच थोडी पकड शिल्लक! अशा वेळी इंजिनात आणखी ५० एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) घातला तर पहिल्या-दुसऱ्या गिअरात फक्त टायर घासतात आणि वळणावर गाडीचं तोंड बाहेर जातं.

म्हणून सुरुवात गॅरेजच्या लिफ्टवर. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉइंट, एक्सलचे बूट (रबरी टोप्या) आणि इंजिनाचं खालचं माउंटिंग पाहा. बुशाजवळ पहार लावून हलका जोर द्या, रबर फाटलं असेल तर भेग उघडते. मग मोकळ्या खासगी जागेत दुसऱ्या गिअरात २,००० आरपीएमपासून पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. पाय दाबल्यावर स्टेअरिंग एका बाजूला आणि सोडल्यावर उलट बाजूला ओढत असेल, तर कुठेतरी ढिलेपणा आहे. कायम एकाच बाजूला ओढत असेल, तर पुढचे टायर आपसात बदला (एकाच दिशेने फिरणारे नसतील तरच). ओढही बाजू बदलली तर दोष टायरचा, नाही बदलली तर अलाइनमेंटचा किंवा अडकलेल्या ब्रेक कॅलिपरचा. सगळं ठाकठीक असूनही थोडी ओढ राहते, कारण अनेक गाड्यांत डावा-उजवा एक्सल सारख्या लांबीचा नसतो. तेवढी सोसायची.

निघताना पुढची चाकं थडथड उड्या मारत असतील तर लगेच पाय काढा. सीव्ही जॉइंट (एक्सलचे सांधे) त्यानेच तुटतात. खालच्या माउंटिंगला कडक इन्सर्ट बसवला की हे बरंच थांबतं, पण सिग्नलला उभं राहिल्यावर डॅशबोर्ड गुणगुणायला लागतो. रोज ऑफिसला हीच गाडी नेणाऱ्याला ते महिनाभरात नकोसं होईल.

टायरवर पैसे वाचवू नका. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. आपल्याकडचं ऊन रबर लवकर कडक करतं, त्यामुळे पाच वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी पकडीला मेलेला असू शकतो. हवा पहाटे, गाडी थंड असताना भरा. दर १० अंशांना साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. मे महिन्यात परभणीत दुपारी भरलेली ३३ सकाळी ३१ निघेल. दाराच्या चौकटीवरच्या आकड्यापासून सुरुवात करून पुढे २ पीएसआय जास्त ठेवून बघा. समृद्धीवर तासभर चालून दाब ४-५ ने वाढला तर तो वाढू द्या, गरम टायरची हवा काढायची नाही. नवे टायर दोनच घेत असाल तर ते मागे टाका. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत, अशी गाडी जालना रोडवर साचलेल्या पाण्यात मागून फिरते.

अलाइनमेंटमध्ये खरा फायदा आहे पुढच्या कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या उभ्या झुकावाचा (उणे म्हणजे वरची कड आत). कंपनीकडून बहुधा उणे अर्ध्या अंशाच्या आसपास येतो, तो उणे दीडपर्यंत न्या. वळताना गाडी कलली तरी बाहेरचा टायर सपाट टेकतो. स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपचा खांब) दोन बोल्टांनी बसतो अशा गाड्यांत कॅम्बर बोल्ट चालतो. ऑक्टाव्हिया-गोल्फमध्ये स्ट्रट नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) पकडीत असतो, तिथे अॅडजस्टेबल टॉप माउंट घ्यावं लागतं. त्याचा खटखटाट ऐकायची तयारी हवी. टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत-बाहेर कल, शून्य ठेवा. एकूण १ मिमी टो-आउटने (चाकांची पुढची टोकं बाहेर) तोंड चपळ होतं, पण ऊसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत गाडी भरकटते आणि टायर आतून झिजतात.

गाडी खाली बसवायची हौस १५-२० मिमीवर थांबवा. गतिरोधक तर आहेतच, पण मोठं कारण वेगळं: लोअर आर्म चाकाकडे वर झुकला की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली जातं, गाडी उलट जास्त कलायला बघते आणि खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप वळतं.

मागचा अँटीरोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा) मात्र पैसा वसूल. २० मिमीच्या जागी २२ मिमीचा भरीव बार सुमारे ४६ टक्के कडक असतो, कारण कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. तोंड बाहेर जाणं कमी होतं. मोबदल्यात वळणाच्या मध्यावर अचानक पाय काढला तर मागचा भाग सुटतो. ऑक्टाव्हिया आरएसच्या मल्टीलिंकला (मागच्या स्वतंत्र सस्पेन्शनला) वेगळा बार मिळतो. टॉर्शन बीमवाल्या (मागची चाकं एकाच आडव्या तुळईने जोडलेल्या) गाड्यांत पर्याय कमी.

डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा संच) पकड असलेल्या चाकाला जास्त जोर देणारं, हेलिकल प्रकारचं घ्या. प्लेटवालं स्टेअरिंग हातातून हिसकावतं आणि ऑइल वारंवार मागतं. हेलिकलचीही एक अट आहे: आतलं चाक हवेत गेलं की ते साध्या डिफरन्शियलसारखं वागतं. कडक बार आतलं चाक उचलतो, म्हणून पुढचा बार कडक करू नका. ब्रेक मारून पकड वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा रस्त्यावर पुरते, घाटात ब्रेक पॅड तापवते.

रिमॅप शेवटी. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, म्हणजे डीक्यू२०० ची मर्यादा २५० एनएम, आणि १.५ टीएसआय कंपनीतूनच २५० देतं. तिथे टॉर्क वाढवणं म्हणजे क्लचचं बिल ओढवून घेणं. वेट क्लचवाल्या आरएसला वाव आहे. ट्यूनरला स्पष्ट सांगा: पहिल्या तीन गिअरांत टॉर्क कापा, वाढ चौथ्यापासून द्या, आणि मॅप तुमच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर करा. लॉगिंग (चालत्या इंजिनाच्या नोंदी) दुपारच्या उन्हात घ्या. ४२ अंशांत इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापला की इग्निशन मागे सरकतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, आणि वाढलेला पिकअप तिथेच गायब होतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेम अडकतो.

नव्या सेटिंगवर कन्नडच्या घाटात पहिल्यांदा जाताना ब्रेक सरळीत संपवा आणि स्टेअरिंग जितकं सरळ होईल तितकाच पाय दाबा. तोंड बाहेर चाललं तर आणखी वळवू नका, पाय हलका करा आणि स्टेअरिंगचं वळण थोडं कमी करा. मागचा भाग सुटला तर ब्रेकला हात नाही लावायचा, म्हणजे पाय. जायचंय तिकडे बघून स्टेअरिंग उलट द्या आणि किंचित अॅक्सिलरेटर, पुढची चाकं गाडी ओढून सरळ करतात. पहिल्या पावसात ट्रॅक्टरने डांबरावर आणलेली काळी माती दिसली, तर त्या दिवशी सेटिंग तपासायचं नाही. ५०० किमीनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा बघा आणि अलाइनमेंटचा कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी काय बिघडलं ते त्याच्याशी ताडूनच कळतं.